डाळिंबाच्या नावावर

महानंदाला खोटं बोलता येत नाही, असं तिचा नवरा कल्लाप्पा सगळ्या डेपोत सांगत फिरायचा. बायको खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात, म्हणायचा. त्यामुळे ज्या शनिवारी ती अंबुबाईंच्या समोर उभी राहून धडधडीत खोटं बोलली आणि कुणालाही पत्ता लागला नाही, त्या दिवशी सगळ्यात जास्त नवल तिचं तिलाच वाटलं.

आता ही महानंदा कोण, ते आधी सांगते. माहेर अथणीजवळच्या एका खेड्यातलं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडताना दोन्ही. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन बेंगळुरूला आली. कल्लाप्पा बसच्या डेपोत मेकॅनिक, बनशंकरीत दोन खोल्यांचा संसार. दोन गल्ल्या पलीकडे अंबुबाईंचं घर, तिथे ती अकरा वर्षं स्वयंपाकाला जात होती. अंबुबाई म्हणजे इथल्याच जुन्या मराठी घराण्यातल्या. पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले ते परत गेलेच नाहीत. त्यांची मराठी निम्मी कन्नडात भिजलेली, पण तिला कुणी हसलं तर त्याची खैर नाही. घरात त्या, सून संहिता आणि नात आश्लेषा. मुलगा दुबईत. संहिता रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळच्या ऑफिसात जायची, म्हणजे सकाळी जी गायब व्हायची ती दिवेलागणीलाच उगवायची. मग पोरगी कुणाच्या कडेवर वाढली? महानंदाच्या. तिचं पहिलं अक्षर ‘अं’, म्हणजे अंबुबाई, दुसरं ‘नं’. नं म्हणजे नंदक्का. संहिताला याचं थोडं दुःख होतं आणि महानंदाला भारी अभिमान.

फुलांच्या आकाराच्या बन-पावांचं वेड महानंदाला तीन वर्षांपूर्वी लागलं. तिच्या वरच्या खोलीत बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतली एक नर्स भाड्याने राहायची. ती रविवारी मैद्याचे वळणदार पाव वाफवायची. ना तेल ना भट्टी, नुसती वाफ. महानंदाने एक तोडून बघितला आणि म्हणाली, “अगं, ही तर इडलीची मावसबहीणच की!” नर्सने शिकवलं, महानंदाने त्यात आपलं डोकं घातलं. पीठ फळांच्या रसात भिजवायचं. मग पुरीपेक्षा लहान पाच चकत्या लाटायच्या, एकीवर एक अर्धी अर्धी चढवून ओळीत मांडायच्या, गुंडाळी करायची आणि सुरीने मधोमध कापायची. दोन्ही तुकडे उभे केले की दोन गुलाब. पाकळ्या बोटाने जराशा उलगडायच्या, फुगू द्यायच्या आणि मोठ्या इडलीपात्रात ठेवायच्या. झाकणाला आतून फडकं बांधायचं, नाहीतर पाण्याचा थेंब पडून फुलाच्या तोंडाला फोड येतो. आंब्याचं पिवळं फूल, जांभळाचं जांभळं. बाटलीतला रंग तिने कधी घरात येऊ दिला नाही. शेजारच्या चार घरांत वाढदिवस असला की महानंदाला सांगावा यायचा, आणि त्या दिवशी बाई जमिनीवरून चालत नसे.

आश्लेषाचा सहावा वाढदिवस आला तेव्हा पोरीने फर्मान काढलं, “नंदक्का, मला गुलाबी हवीत. सगळी गुलाबी. आणि बुडवायला गुलाबी रस.”

अंबुबाई लगेच म्हणाल्या, “सरी, ठीक आहे, डाळिंबाचं कर. औक्षण झाल्यावर देवापुढे पण ठेवायचं आहे. आणि ते काय ते बाजारात आलंय, खवल्याखवल्यांचं, ड्रॅगन की काय, ते नको हं. राक्षसाचं नाव असलेलं फळ माझ्या देवापुढे नको आणि माझ्या नातीच्या पोटात पण नको.”

महानंदाने मान डोलावली. डाळिंबं आणली, सोलली, रस काढला. पीठ कसं सुरेख गुलाबी झालं! वाफेवरून उतरवलं तर फरशी पुसायचं फडकं. मळकट, राखाडी, वर हिरवट झाक. दुसऱ्यांदा रस दुप्पट घातला, तर दुप्पट मळकट. तिसऱ्यांदा लिंबू पिळलं, तर आंबट मळकट. शुक्रवारी दुपारी ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला रडूच आलं. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि ते तिच्याकडे मागितलं होतं, आईकडे नाही.

तिच्या घरात खाटेखाली ड्रॅगन फळांची पेटी होती. भावाने माहेरच्या माळावर लावली होती, आठवड्यापूर्वीच बसने पाठवली होती. आतून लालभडक जातीची. एक कापून बघू, नुसतं बघू, असं म्हणत तिने एक कापलं. पुढचं काय सांगायचं! वाफेवरून उतरलं ते फूल असं हसऱ्या गुलाबी रंगाचं होतं की महानंदाने त्याची दृष्ट काढली. मग तिने उरलेला गर घेतला, गुळाचं पाणी घातलं आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळला. दोनदा का? तर एकही काळी बी दिसायला नको. म्हणजे बाईला आपण काय करतोय ते नीट ठाऊक होतं. मी तिची बाजू घेत नाही, ते तेवढं लिहून ठेवा.

शनिवारी संध्याकाळी ताटभर गुलाब बघून अंबुबाईंनी विचारलं, “डाळिंबच ना गं?”

“डाळिंबच की अम्मा. डोळे मिटून खावा.”

कान लाल झाले असतील तर ते पदराखाली होते. पोरांनी ताट फस्त केलं. आश्लेषाने रसाच्या तीन वाट्या संपवल्या, चौथी बोटाने चाटली. अंबुबाईंनी सुद्धा, तोंडात दात मोजकेच, “मऊ आहे गं, स्वल्प अजून दे,” करत करत बरंच आत टाकलं. संहिताने महानंदाला मिठी मारली. महानंदा घरी आली ती तरंगतच. एका शब्दाने कुणाचं काय बिघडलं, असं तिने स्वतःला समजावलं आणि ते तिला पटलंही.

रविवारी सकाळी साडेनऊला संहिताचा फोन आला. आवाज फाटलेला.

“अक्का, आम्ही मुलांच्या हॉस्पिटलमध्ये आहोत. आशूला लघवीतून रक्त जातंय. सकाळपासून दोनदा. लालभडक. डॉक्टर विचारतायत काल काय काय खाल्लं. त्या बनमध्ये आणि रसात नक्की डाळिंबच होतं ना? बीट? रंग? दुसरं काही?”

आणि महानंदाच्या तोंडून आपोआप गेलं, “डाळिंबच ताई. गूळ आणि डाळिंब. देवाशपथ.”

फोन ठेवला गेला. ती तशीच चुलीसमोर उभी राहिली. रक्त म्हणाली. पोरीच्या अंगातून रक्त. ती खाली बसली. आपण काय खायला घातलं लेकराला? भावाने झाडांवर काही औषध मारलं होतं का? आणि वर देवाची शपथ घेतली! तिने भावाला फोन लावला. तो म्हणाला, “औषध कसलं अक्का, शेणखत घालतोय. आमची पोरं रोज खातायत. ते आपल्या निवडुंगाच्याच भाऊबंदातलं, त्याला काय होतंय?”

निवडुंग म्हटल्याबरोबर महानंदा ताठ झाली.

लहानपणी माळावर फड्या निवडुंगाची लाल बोंडं पिकली की शाळा बुडवून पोरी तिकडे धावायच्या. काटे मातीत घासून काढायच्या आणि तोंड रंगेपर्यंत खायच्या. एकदा इतकी खाल्ली की संध्याकाळी परसात बसल्यावर खाली लाल. आठ वर्षांची महानंदा ‘मी मेले, मी मेले’ करत अंगणभर धावली होती. आणि तिची आई भागुबाई? ती घाबरली म्हणता? पोट धरून हसली. “बोंडं खाल्लीस ना भवाने? मग वरनं लाल घातलंस, खालनं लालच येणार. पाणी पी भरपूर.” दुसऱ्या दिवशी सगळं साफ. निवडुंगाच्या भाऊबंदातलं फळ, तसलाच रंग आणि तीन वाट्या रस.

म्हणजे रक्त नाही! महानंदाच्या छातीवरचा धोंडा अर्धा उतरला. पण अर्धाच. कारण डॉक्टर तिकडे रक्त समजून बसले होते, आणि तसं समजायला तिनेच त्यांना भाग पाडलं होतं.

कल्लाप्पा दात घासत सगळं ऐकत होता. म्हणाला, “गप राहा. ते शिकलेले लोक आहेत, शोधून काढतील. तू जाऊन बोललीस तर अकरा वर्षांचं घर तुटेल. तुझ्या हातचं पाणी पण पिणार नाही ती म्हातारी.”

“आणि तोवर पोरीला सुया टोचतील त्या?”

फोनवर आता शब्द फिरवला तर कोण खरं मानणार, असं तिला वाटलं. महानंदाने पेटीतलं एक अख्खं फळ आणि सुरी पिशवीत टाकली आणि केस न विंचरता बाहेर पडली. रिक्षावाल्याला म्हणाली, “अण्णा, बेग होगी, मगू आस्पत्रेल्ली इदे.” लवकर चला, लेकरू दवाखान्यात आहे. माझं लेकरू म्हणायचं तेवढं राहिलं. रस्ताभर तिने मनातल्या मनात वाक्यं जुळवली. पहिलं होतं, ‘अम्मा, एक गोष्ट सांगायची राहिली.’ राहिली कसली? मग दुसरं, ‘माझी चूक झाली.’ ते पण गुळमुळीत वाटलं. सिग्नलला रिक्षा थांबली की तिला वाटायचं इथेच उतरावं आणि मागे फिरावं. हिरवा दिवा लागला की वाटायचं हा इतका हळू का चालवतोय.

मुलांच्या त्या हॉस्पिटलात आश्लेषा खाटेवर बसली होती आणि नर्स तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होती. पोरीने भोकाड पसरलं होतं. “नंदक्का!” म्हणून तिने हात पसरले. शेजारी संहिता, रडून डोळे सुजलेले. कोपऱ्यातल्या खुर्चीत अंबुबाई. त्यांचा चेहरा बघून महानंदा चरकली. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, ओठ आवळलेले, नजर जमिनीला. नातीकडे सुद्धा बघत नव्हत्या.

महानंदाची जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. “थांबा हो सिस्टर, टोचू नका!” ती ओरडलीच. “डाळिंब नव्हतं त्यात. मी खोटं बोलले. हे होतं.” आणि तिने पिशवीतून ते खवल्याखवल्यांचं फळ काढून औषधांच्या ट्रेमध्ये ठेवलं, सुरी चालवली आणि दोन भाग केले. पांढऱ्या ट्रेमध्ये लाल रस पसरला. नर्सच्या हातमोज्यांनाही लागला.

डॉक्टर वादिराज, केस पिकलेला शांत माणूस, पुढे आले. त्यांनी फोड उचलली, वास घेतला. “किती खाल्लं हिने?”

“सहा बन आणि तीन वाट्या रस. गाळलेला, कच्चा.”

“तीन वाट्या!” डॉक्टर हसायलाच लागले. “अहो, आल्या आल्या मी पहिला प्रश्न काय विचारला? बीट खाल्लं का, ड्रॅगन फ्रूट खाल्लं का? या दोघी शपथेवर नाही म्हणाल्या.”

“त्यांना माहीतच नव्हतं सर. शपथ माझी होती.”

तेवढ्यात तपासणीचा कागद आला. डॉक्टरांनी वाचला आणि संहितापुढे धरला. रक्ताची एक पेशी नाही. सगळा नुसता फळाचा रंग. सोनोग्राफी नाही, सुई नाही, भरती नाही. पाणी पाजा, संध्याकाळपर्यंत साफ होईल. नर्सने रबरी पट्टा सोडला. आश्लेषाने रडणं असं बंद केलं जणू कुणी नळ फिरवला, आणि लगेच विचारलं, “मग उरलेला रस घरी आहे का?”

संहिता खाटेवर मटकन बसली आणि पोरीला कवटाळून हसायला लागली, मग रडायला, मग पुन्हा हसायला. मग तिची नजर महानंदाकडे वळली आणि हसू मावळलं.

“अक्का, मी फोनवर विचारलं होतं तुम्हाला. साडेनऊला. तेव्हा का नाही सांगितलंत?”

“भ्याले ताई.” महानंदा म्हणाली. “पोरीला गुलाबी हवं होतं. डाळिंबाचं होईना. आणि अम्मांना हे फळ चालत नाही. मग एकदा खोटं बोलले, ते निस्तरायला दुसऱ्यांदा बोलले. तुम्ही उद्यापासून येऊ नको म्हणालात तर येणार नाही. पण पोरीला एकदा जवळ घेऊ द्या.”

संहिताने पोरीला पुढे केलं. महानंदाने तो गरम, घामेजलेला गोळा छातीशी धरला आणि तिला वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे. पोरगी धड आहे. बाकी सगळी कामं मिळतात या गावात.

अंबुबाई या सगळ्यात एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, भिंतीचा आधार घेत बाहेर गेल्या आणि दारातून म्हणाल्या, “महानंदा, बाहेर ये.”

आलं, महानंदाच्या मनात आलं. ती पदर सावरत व्हरांड्यात गेली. शिव्या खायची तिची तयारी होती. अंबुबाईंची शिवी म्हणजे कन्नडातून सुरू होऊन मराठीत संपणारी, चांगली पाच मिनिटांची. पण म्हातारी बोलेचना. तिने इकडे तिकडे बघितलं, महानंदाचं मनगट पकडलं. हात बर्फासारखा गार.

“गं, ते लाल... म्हाताऱ्या माणसाला पण होतं का तसं?”

महानंदाला क्षणभर उमगलंच नाही. मग उमगलं. “अम्मा! तुम्हाला पण?”

“पहाटे पाचला. पाच बन खाल्ले होते गं मी. रस पण दोन वाट्या. कुणाला सांगितलं नाही.” अंबुबाईंनी मनगट आणखी घट्ट धरलं. “माझा थोरला भाऊ असाच गेला. आधी लाल दिसलं, मग चार महिन्यांत संपला. मी म्हटलं, आलं माझं पण. आज रविवार आहे, संहिताला एक सुट्टी मिळते, उद्या सांगू. आणि मग आठला पोरगी ओरडत बाहेर आली. अय्यो देवा, मला वाटलं, आमच्या रक्तातलं दुखणं माझ्यातून त्या लेकराला लागलं. डॉक्टर विचारत होते घरात कुणाला काही आहे का, आणि मी दगडासारखी बसून नाही म्हटलं. नाही म्हटलं गं मी!”

आता बघा गंमत. मार खायला आलेली बाई, आणि तीच म्हातारीला धरून उभी. महानंदाला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. “अम्मा, काही नाही झालं तुम्हाला. भाऊबिऊ काही नाही. नुसतं फळ आहे ते.”

“नक्की?”

“नक्की. पण माझ्या शब्दावर राहू नका. माझ्या शब्दाची किंमत काल तुम्ही बघितलीत. चला डॉक्टरांकडे.”

“नको गं, मुलांचा डॉक्टर तो. आणि संहिताला कळेल.”

“कळू दे. दोघींनी मिळून पुष्कळ लपवलं.” आणि तिने अंबुबाईंना हाताला धरून शब्दशः ओढत डॉक्टरांच्या खोलीत नेलं.

डॉक्टर वादिराजांनी हसणं कसंबसं आवरलं. म्हणाले, आमच्याकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांचं मूल पहिल्यांदाच आलंय. मग गंभीर झाले, नमुना घेतला, तपासणीची पट्टी बुडवली, दोन मिनिटं घड्याळाकडे बघितलं. ती दोन मिनिटं अंबुबाई महानंदाचा हात सोडायला तयार नव्हत्या. नखं रुतत होती, महानंदा हूं का चूं करत नव्हती.

“रक्त नाही,” डॉक्टर म्हणाले. “भावाचा इतिहास आहे, म्हणून एकदा मोठ्यांच्या डॉक्टरांना सावकाश दाखवून घ्या. पण आजचा लाल रंग तुमच्या नातीचाच आहे. एकाच भांड्यातला.”

अंबुबाई बाहेर आल्या. चार पावलं नीट चालल्या. मग व्हरांड्याच्या बाकावर बसल्या आणि मोठमोठ्याने रडायला लागल्या. पहाटे पाचपासून जे एकटीने छातीत कोंडून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. जाणारे येणारे थांबून बघायला लागले. महानंदा शेजारी बसली, त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. “तू बोलली नसतीस,” अंबुबाई हुंदक्यांतून म्हणाल्या, “तर मी पण बोलले नसते गं. तशीच बसले असते मरणाची वाट बघत.”

आवाज ऐकून संहिता पोरीला कडेवर घेऊन धावत आली. सासूला असं रडताना तिने लग्नानंतर कधी बघितलं नव्हतं, नवरा दुबईला गेला तेव्हा सुद्धा नाही. तिचा चेहरा पुन्हा उतरला. “काय झालं? अक्का, काय झालं त्यांना? सांगा ना, काय झालं?”

महानंदाने म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवत वर बघितलं. “काही झालं नाही ताई,” ती म्हणाली. “काहीच झालं नाही, म्हणून रडतायत.”